मेमरी कार्ड किंवा पेन ड्राइव्हवर संगणक कायमचा चालवायचा असेल तर कामाचा क्रम असा ठेवा

जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली, किंवा दुकानात रास्पबेरी पायवर, म्हणजे एका छोट्या बोर्डावरच्या संगणकावर, दरपत्रकाचा स्क्रीन लावायचा आहे, आणि हाताशी आहे एक ६४ जीबीचं कार्ड. लोक त्यावर सिस्टीम (संगणक चालवणारी ऑपरेटिंग सिस्टीम) टाकतात, ती सुरू होते, छान चालते. काही महिन्यांनी एके सकाळी स्क्रीन काळा. दोष कार्डाला दिला जातो, नवं कार्ड येतं आणि पुन्हा तेच होतं. चूक बहुतेक वेळा क्रमात असते. कार्ड खरं आहे का, वीज कशी मिळते, कोणता प्रोग्रॅम सतत काय लिहितो, हे सगळं सिस्टीम टाकण्याच्या आधी बघायचं असतं. ते शेवटी बघितलं जातं, किंवा बघितलंच जात नाही.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांना एकच कारण आहे. कार्ड आणि पेन ड्राइव्हमधल्या साठवणीच्या, म्हणजे फ्लॅश, चिपमध्ये डेटा काही केबींच्या पानांत लिहिता येतो, पण पुसता येतो तो फक्त मोठ्या ठोकळ्यानं, आणि हा ठोकळा अनेकदा काही एमबींचा असतो. म्हणजे ४ केबीची एक ओळ लॉगमध्ये (सिस्टीमच्या नोंदवहीत) बदलायची झाली तरी कंट्रोलरला, म्हणजे कार्डातल्या नियंत्रक चिपला, आजूबाजूचा चांगला डेटा उचलून दुसरीकडे लिहावा लागतो. यातून दोन गोष्टी होतात. चिपची झीज लिहिलेल्या डेटाच्या कितीतरी पट जास्त होते. आणि नेमकी त्या हलवाहलवीत वीज गेली तर जी फाइल उघडलेलीही नव्हती ती खराब होते. फाइल सिस्टीमचं जर्नल (बदलांची आधी करून ठेवलेली नोंद) या दुसऱ्या प्रकारापासून वाचवू शकत नाही, कारण कार्डाच्या आत काय चाललं आहे हे त्याला दिसतच नाही. वाचल्यानं कार्ड झिजत नाही म्हटलं तरी चालेल. ते मरतं बारीक लिखाणानं आणि अचानक गेलेल्या विजेनं.

१. कार्डच हवं का, हे ठरवा

लॅपटॉपमध्ये किंवा डेस्कटॉपमध्ये २.५ इंची साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी चिपची डिस्क) बसत असेल तर तीच बसवा. जुन्या मशीनसाठी लहान क्षमतेची एसएसडी पुरते. तिच्यात झीज वाटून घेणारा चांगला कंट्रोलर असतो आणि तिची प्रकृती ‘स्मार्ट’ नोंदींतून, म्हणजे डिस्क स्वतःबद्दल ठेवते त्या आकड्यांतून, वाचता येते. साध्या कार्डात आणि बहुतेक पेन ड्राइव्हमध्ये ही सोय नसते.

कार्ड किंवा पेन ड्राइव्ह योग्य ठरतो तो रास्पबेरी पायसारख्या बोर्डावर, ज्यातली ३२ जीबीची ईएमएमसी (साठवणीची चिप) बोर्डालाच चिकटलेली आहे आणि निकामी झाली आहे अशा लॅपटॉपवर, सोसायटीच्या नोटीस स्क्रीनवर, किंवा कार्यालय आणि घर अशा दोन मशीनवर एकच सिस्टीम न्यायची असेल तेव्हा.

हिशेबाचं सॉफ्टवेअर, दिवसभर नोंदी घेणारा डेटाबेस आणि सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग या तीन गोष्टी सिस्टीमच्या कार्डावर ठेवू नका. सिस्टीम कार्डावर राहू द्या, हा डेटा यूएसबी एसएसडीवर किंवा नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनवर ठेवा.

सावधान: हे सगळं लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमसाठी आहे. पेन ड्राइव्हवरून विंडोज चालवण्याची अधिकृत सोय, विंडोज टू गो, मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०च्या २००४ या आवृत्तीपासून काढून टाकली. जुगाड करून चालवता येतं, पण रोजच्या कामाचं मशीन त्यावर उभं करू नका.

२. खरेदी : पाकिटावरची कोणती खूण वाचायची

लोक बघतात तो पाकिटावरचा मोठा आकडा, सेकंदाला १०० किंवा १५० एमबी. तो सलग वाचनाचा वेग असतो आणि फोटो कॉपी करताना कामाला येतो. संगणकाला लागतो तो विखुरलेल्या लहान फाइलींचा वेग, आणि तो सांगणारी खूण वेगळी आहे: ए१ किंवा ए२. एसडी असोसिएशनच्या व्याख्येनुसार ए१ कार्डानं सेकंदाला किमान १५०० विखुरलेली वाचनं आणि ५०० लेखनं केली पाहिजेत. ए२साठी हेच आकडे ४००० आणि २००० आहेत.

ए२ म्हणजे नेहमीच चांगलं, असं मात्र नाही. त्याचा वेग मिळायला मशीनला कमांडची रांग हाताळता यावी लागते. रास्पबेरी पाय ५ला ते जमतं, पाय ४ आणि त्याआधीच्या बोर्डांना नाही. त्यांच्यासाठी चांगल्या कंपनीचं ए१ घ्या आणि वाचलेले पैसे मोठ्या क्षमतेत घाला. जागा मोकळी असेल तितकी झीज जास्त ठिकाणी विभागली जाते. सिस्टीम १५ जीबीत मावत असली तरी ६४ जीबीचं कार्ड घ्यायचं ते यासाठी.

सतत काहीतरी लिहिणारं काम असेल तर ‘हाय एन्ड्युरन्स’ किंवा ‘प्रो एन्ड्युरन्स’ प्रकारचं कार्ड बघा. ती सतत व्हिडिओ रेकॉर्डिंगसाठी बनवलेली असतात. त्यांच्यावर ए१ची खूण नसू शकते, त्यामुळे डेस्कटॉपसाठी ती संथ वाटतील. एका कामाच्या स्क्रीनला किंवा नोंदी घेणाऱ्या बोर्डाला चालतात.

पेन ड्राइव्हमध्ये नखाएवढे छोटे प्रकार टाळा. ते तापतात, आणि तापले की वेग पडतो. लांबट, धातूच्या आवरणाचा यूएसबी ३ घ्या. आत खरी एसएसडी असलेले पेन ड्राइव्हही मिळतात. परवडत असेल तर लॅपटॉपसाठी तोच घ्यावा, फरक पहिल्या दिवशी जाणवतो.

मुंबईत ही खरेदी बहुतेक जण लॅमिंग्टन रोडवर करतात (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग). तिथे जीएसटी बिल मागा आणि बिलावर ‘६४ जीबी कार्ड’ एवढंच न लिहिता पूर्ण मॉडेल लिहून घ्या. वॉरंटीचा दावा करताना तेच विचारतात. स्टेशनबाहेरच्या पथारीवरचं कार्ड गाणी ऐकायला ठीक असेल, संगणकाला नाही. आणि एकाच मॉडेलची दोन कार्डं एकदम घ्या. दुसरं का, ते आठव्या पायरीत येतं.

३. कार्ड खरं आहे का, हे सिस्टीम टाकण्याआधी तपासा

ही पायरी सर्वांत जास्त वगळली जाते आणि सर्वांत महाग पडते. नकली कार्डात चिप असते ८ किंवा १६ जीबीची, पण आतला प्रोग्रॅम संगणकाला ६४ किंवा १२८ जीबी सांगतो. खऱ्या क्षमतेच्या पुढे लिहिलेला डेटा गुपचूप हरवतो किंवा जुन्यावर लिहिला जातो. कुठलीही चूक दिसत नाही. म्हणून सिस्टीम टाकली की ती चालते, अपडेट होते, आणि जागा भरत गेली की कोसळते.

लिनक्सवर ‘एफ३’ आणि विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ ही मोफत साधनं आहेत. दोन्ही कार्ड शेवटपर्यंत भरतात आणि भरलेलं परत वाचून पडताळतात. चाचणी पूर्ण क्षमतेची करा. १ जीबीची चाचणी काहीच सिद्ध करत नाही. लेखनाचा वेग सेकंदाला २० एमबी असेल तर ६४ जीबी भरायला ५० ते ५५ मिनिटं लागतात, वाचन त्याहून लवकर होतं. दोनेक तास बाजूला ठेवा.

लेखनाचा खरा वेगही इथेच बघून घ्या. विंडोजवर क्रिस्टलडिस्कमार्क चालवा आणि ‘आरएनडी४के’च्या सर्वांत खालच्या ओळीतला लेखनाचा आकडा वाचा. ए१च्या हिशेबानं ५०० वेळा ४ केबी म्हणजे सेकंदाला सुमारे २ एमबी. आकडा १च्या खाली असेल तर त्यावर डेस्कटॉप टाकू नका, ब्राउझर उघडला की मशीन गोठेल.

तपासणी: ६४ जीबीचं कार्ड विंडोजमध्ये ५९ जीबीच्या आसपास दिसतं. ही फसवणूक नाही, मोजण्याच्या पद्धतीचा फरक आहे. फसवणूक ती, जी एफ३च्या अहवालात हरवलेल्या डेटाच्या ओळीत दिसते. तिथे शून्याशिवाय काहीही आलं तर कार्ड त्याच दिवशी बिलासकट परत न्या.

चाचणीनंतर कार्ड काठोकाठ भरलेलं असतं. एसडी असोसिएशनचा मोफत ‘एसडी मेमरी कार्ड फॉरमॅटर’ चालवून ते रिकामं करा, मगच पुढे जा.

४. वीज आधी नीट करा

रास्पबेरी पाय ४ला ५ व्होल्टवर ३ अँपिअर आणि पाय ५ला ५ व्होल्टवर ५ अँपिअर लागतात. ‘फोनचा ६५ वॅटचा चार्जर आहे, भरपूर झाला’ हा गैरसमज फार पसरला आहे. असे चार्जर ६५ वॅट देतात ते जास्त व्होल्टेजवर, ५ व्होल्टवर बहुतेक जण ३ अँपिअरच देतात. मग पाय ५ सुरू होतो, पण यूएसबीच्या सगळ्या पोर्टांना मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो आणि त्यावर लावलेली एसएसडी मधेच गळते. कंपनीचा अडॅप्टर घ्या, आणि केबल जाड व आखूड ठेवा.

तपासणी: स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेची खूण दिसते का? दिसत असेल तर बोर्डाला मिळणारा व्होल्टेज ४.६३च्या खाली गेला आहे. हे दुरुस्त होईपर्यंत पुढची पायरी घेऊ नका.

आपल्याकडे वीजपुरवठा जाण्यापेक्षा मोठं कारण वेगळंच आहे. दुकान वाढवताना शटरआधी मेन स्विच बंद करायची सवय. क्लासमध्ये, सोसायटीच्या ऑफिसात, गाळ्यात सगळीकडे हेच होतं, आणि रोज रात्री कार्डाची वीज थेट तोडली जाते. यावर दोन उपाय एकत्र करा. मशीनला ठरावीक वेळी आपोआप बंद व्हायला लावा. दुकान साडेनऊला बंद होत असेल तर सव्वानऊची वेळ क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं करणाऱ्या लिनक्सच्या सोयीत) घाला. आणि डेस्कटॉपला ६०० व्हीएचा साधा यूपीएस लावा, म्हणजे कोणी लवकर स्विच पाडला तरी काही मिनिटं मिळतात. स्विचबोर्डाशेजारी ‘आधी संगणक, मग मेन’ असं लिहून चिकटवा. कामाला असलेल्या मुलाला तोंडी सांगितलेलं आठवड्यात विसरलं जातं.

सावधान: वायफाय राउटरसाठी मिळणारे छोटे यूपीएस बहुतेक १२ व्होल्टचे असतात. रास्पबेरी पायला ५ व्होल्टच हवेत. पिन बसते म्हणून लावलात तर बोर्ड जाईल.

५. मशीन या मार्गानं सुरू होतं का, ते बघा

लॅपटॉपमधल्या कार्डाच्या खाचेवरून बूट होईलच, म्हणजे सिस्टीम सुरू होईलच, असं नाही. अनेक मशीनमध्ये ती खाच बायोसला (मशीन सुरू करणाऱ्या अंगभूत प्रोग्रॅमला) दिसतच नाही. डेल आणि लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एस्केप आणि मग एफ९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप दाबून बूट मेनू उघडा. एसरवर एफ१२चा मेनू आधी बायोसमध्ये चालू करावा लागतो. यादीत कार्ड दिसलं नाही तर यूएसबी कार्ड रीडर वापरा, किंवा सरळ पेन ड्राइव्ह घ्या.

आतल्या डिस्कवर विंडोज शाबूत असेल तर सिक्युअर बूटला (अनोळखी सिस्टीम सुरू होऊ न देणाऱ्या बायोसमधल्या सेटिंगला) हात लावण्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. सेटिंग बदलल्यावर विंडोज ती मागू शकतं, आणि नसेल तर आतला डेटा गेला.

डेस्कटॉपला पेन ड्राइव्ह मागच्या पोर्टमध्ये लावा, पुढची पोर्ट ढिली पडतात. यूएसबी ३ लावल्यावर वायरलेस माउस अडखळू लागला किंवा २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय मंदावलं तर तो यूएसबी ३चा रेडिओ गोंगाट असतो. चांगल्या प्रतीची आखूड यूएसबी ३ एक्सटेन्शन लावून पेन ड्राइव्ह थोडा लांब न्या.

६. सिस्टीम टाकणं

रास्पबेरी पायसाठी अधिकृत ‘रास्पबेरी पाय इमेजर’ वापरा आणि लिहून झाल्यावरची पडताळणी मधेच थांबवू नका. बस्स, एवढंच.

लॅपटॉपला दोन पेन ड्राइव्ह लागतात: एक इन्स्टॉलरचा, एक ज्यावर सिस्टीम बसणार तो. इथे पहिली चूक होते. लोक एकाच पेन ड्राइव्हवर ‘लाइव्ह’ सिस्टीम टाकतात, बदल जपण्याची सोय चालू करतात आणि तिलाच पूर्ण सिस्टीम समजतात. त्यात मूळ सिस्टीम एका न बदलणाऱ्या फाइलीत बंद असते, कर्नलचे (सिस्टीमच्या गाभ्याचे) अपडेट नीट लागत नाहीत, आणि बदल साठवायची जागा भरली की सगळं अडतं. रोजच्या कामाला पूर्ण इन्स्टॉलेशनच हवं.

दुसरी चूक याहून त्रासदायक. लिनक्स मिंटसारख्या सिस्टीमचा इन्स्टॉलर सिस्टीम पेन ड्राइव्हवर टाकतो, पण बूटलोडर (सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) मात्र आतल्या डिस्कच्या ईएफआय विभागात, म्हणजे बूटच्या फाइलींसाठी राखलेल्या जागेत, ठेवू शकतो, तुम्ही पेन ड्राइव्ह निवडला असला तरी. मग पेन ड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर चालत नाही आणि तो काढला की घरच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी ग्रब या लिनक्सच्या बूटलोडरचा काळा पडदा येतो. खात्रीचा उपाय एकच: इन्स्टॉल करताना आतली डिस्क काढून ठेवा किंवा बायोसमधून बंद करा.

क्रम असा:

१. आतली डिस्क बंद करा. इन्स्टॉलरवरून बूट करा, दुसरा पेन ड्राइव्ह लावा.
२. विभागणी स्वतः करण्याचा पर्याय घ्या आणि जीपीटी तक्ता (विभागांची यादी) बनवा.
३. ५१२ एमबीचा ईएफआय विभाग करा.
४. उरलेल्यातून सुमारे १० टक्के जागा शेवटी रिकामी सोडून बाकीचा एक्स्ट४ (लिनक्सची फाइल सिस्टीम) विभाग करा.
५. स्वॅपचा (रॅम कमी पडली की वापरायच्या जागेचा) वेगळा विभाग करू नका. सूचना आली तरी पुढे जा.
६. बूटलोडरची जागा म्हणून पेन ड्राइव्हच निवडला आहे ना, हे आकारावरून ताडून बघा. नावं बदलतात, आकार बदलत नाही.

पेन ड्राइव्ह रोज खिशातून लोकलनं जाणार असेल तर मात्र पूर्ण एन्क्रिप्शनचा स्वयंचलित पर्याय घ्या. त्यात १० टक्के जागा सोडता येत नाही, पण हरवलेल्या पेन ड्राइव्हमध्ये तुमचा मेल आणि बँकेचे पासवर्ड उघडे राहण्यापेक्षा ते परवडतं.

तपासणी: आतली डिस्क बंद असतानाच दोनदा बूट करून बघा, शक्य असेल तर दुसऱ्या मशीनवरही. मगच डिस्क परत जोडा.

७. लिखाण कमी करा

परिणामाच्या उतरत्या क्रमानं जा.

*स्वॅप.* रॅम कमी पडली की सिस्टीम कार्डावर लिहू लागते, आणि कार्डाची सर्वांत जास्त वाट हेच लावतं. स्वॅप फाइल बंद करा, एफस्टॅबमधली (कोणता विभाग कसा जोडायचा ते सांगणाऱ्या फाइलीतली) तिची ओळ काढा आणि झेडरॅम बसवा. त्यात रॅममधलाच डेटा दाबून रॅममध्येच ठेवला जातो. लॅपटॉपची रॅम ४ जीबीहून कमी असेल तर आधी रॅम वाढवा.

*ब्राउझर.* फायरफॉक्स उघडलेल्या टॅबची नोंद दर १५ सेकंदांनी डिस्कवर करतो. प्रगत सेटिंगमध्ये ‘सेशनस्टोअर’ची ‘इंटरव्हल’ शोधा. १५००० मिलिसेकंदांऐवजी ३००००० करा, म्हणजे पाच मिनिटं. तिथेच डिस्कवरचा कॅशे बंद करा, मेमरीतला चालू राहू द्या.

*लॉग.* जर्नलडीच्या (नोंदी ठेवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगमध्ये साठवण ‘व्होलाटाइल’ केली की नोंदी रॅममध्येच राहतात. पण पहिले आठ-दहा दिवस हे करू नका. नव्या मशीनमध्ये काही बिघडलं तर कारण त्याच नोंदींत सापडतं, आणि रीबूट झाल्यावर त्या पुसलेल्या असतील.

*नोएटाइम.* एफस्टॅबमध्ये घालायचा हा शब्द फाइल वाचल्याची वेळ लिहिणं थांबवतो. फायदा लहान आहे, तोटा जवळपास नाही. एफस्टॅब बदलण्याआधी प्रत काढा, बदलल्यावर ‘फाइंडएमएनटी’ कमांड ‘व्हेरिफाय’ पर्यायानं चालवा. एका चुकलेल्या स्वल्पविरामानं मशीन सुरू होत नाही.

डिस्कवर लिहायचा अवधी, म्हणजे ‘कमिट’, ५ सेकंदांवरून ६० करा असा सल्ला सगळीकडे मिळतो. यूपीएस असेल तरच करा, नाहीतर वीज गेली की शेवटच्या मिनिटाचं काम जातं.

नुसता स्क्रीन चालवणाऱ्या रास्पबेरी पायसाठी याहून चांगला मार्ग आहे. ‘रास्पी-कॉन्फिग’ या सेटिंगच्या प्रोग्रॅममधल्या परफॉर्मन्स मेनूत ‘ओव्हरले फाइल सिस्टीम’ चालू करा. सगळे बदल रॅममध्ये राहतात, कार्डावर काहीच लिहिलं जात नाही, आणि मेन स्विच थेट बंद केला तरी कार्ड वाचतं. अपडेट करायचं असेल तेव्हा आधी ओव्हरले बंद करा, नाहीतर रीबूटनंतर अपडेट गायब.

सावधान: पेन ड्राइव्हवरच्या लॅपटॉपला झोपवू नका. जागा होताना यूएसबी क्षणभर तुटते आणि सिस्टीमच्या पायाखालची डिस्क जाते. झाकण मिटल्यावर ‘काहीही करू नका’ किंवा ‘बंद करा’ निवडा.

८. प्रत काढा आणि तिच्यावरून बूट करून बघा

सगळं बसलं, छपाई यंत्र जोडलं, मराठी कीबोर्ड लागला की त्याच दिवशी पूर्ण प्रत घ्या. रास्पबेरी पायवर ‘एसडी कार्ड कॉपिअर’ आहे. लॅपटॉपवर ‘डिस्क्स’ या प्रोग्रॅममधून इमेज (सगळ्या पेन ड्राइव्हची एका फाइलीतली प्रत) काढता येते, पण ती इन्स्टॉलरच्या पेन ड्राइव्हवरून बूट करून काढा, चालू सिस्टीमची इमेज अर्धवट निघू शकते.

दोन वेगळ्या कंपन्यांची ६४ जीबीची कार्डं काही एमबीनं लहानमोठी असतात, आणि मोठ्याची इमेज लहानावर उतरत नाही. म्हणून एकाच मॉडेलची दोन घ्यायची. प्रत निघाली की मूळ कार्ड काढा, प्रतीवरून मशीन सुरू करा, तासभर वापरा. ज्या प्रतीवरून कधी बूट केलेलं नाही तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

सावधान: मूळ आणि प्रत एकाच वेळी मशीनला लावून बूट करू नका. दोघांची ओळख, म्हणजे यूयूआयडी, सारखी असू शकते. सिस्टीम एकावरून सुरू होऊन दुसऱ्यावर लिहू लागते.

प्रतीचं कार्ड डबीत, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. समुद्राजवळच्या घरांत पावसाळ्यात संपर्कपट्ट्यांवर थर चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडानं पुसून वाळवा, खोडरबरानं घासू नका.

९. कार्ड थकलं हे कसं ओळखायचं

काल साठवलेली फाइल आज नाही. अपडेट झालं म्हणतं, पण रीबूटनंतर पुन्हा तेच अपडेट मागतं. सिस्टीम अचानक ‘रीड-ओन्ली’ होते. यातलं एकही दिसलं तर कार्ड लिहायचं थांबलं आहे, आणि कित्येकदा ते चूकही न दाखवता थांबतं. बूटला लागणारा वेळ दुप्पट झाला असेल तर कर्नलच्या नोंदींत त्या कार्डाच्या नावापुढे आय-ओ एररच्या (वाचता-लिहिता न आल्याच्या) ओळी शोधा.

अशा वेळी लोक पहिली गोष्ट करतात ती फाइल सिस्टीम दुरुस्ती, आणि तिथेच उरलासुरला डेटा जातो, कारण दुरुस्ती म्हणजे मरणाऱ्या कार्डावर आणखी लिखाण. आधी मशीन बंद करा. कार्ड दुसऱ्या संगणकावर नेऊन ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ या, खराब कार्डावरचा डेटा उचलणाऱ्या प्रोग्रॅमनं त्याची इमेज घ्या, आणि दुरुस्ती करायची ती त्या इमेजच्या प्रतीवर करा. तोवर दुकान आठव्या पायरीतल्या दुसऱ्या कार्डावर चालू राहील.

लिहायचं थांबलेलं कार्ड पुसता येत नाही, पण वाचता येतं. त्यामुळे ते फॉरमॅट झालं असं दाखवलं तरी जुन्या कार्डांच्या ढिगात विकू नका. काळी चिप पक्कडीनं तोडा आणि तुकडे ई-कचऱ्यात द्या.